मे महिन्यात भरणारं आणि जूनमध्ये रिकामं होणारं गाव: त्याचा धंदा कसा बसवायचा?

सड्यावरची – ८ जून २०२५

मी राहते कांजूरमार्गला, जन्म परळचा, गाव राजापूर तालुक्यात. आमच्या ग्रामस्थ मंडळाची (मुंबई) मी तीन वर्षं खजिनदार आहे. हा धागा मंडळाच्या कामातूनच सुचला. तुमच्यापैकी बहुतेकांचं असंच एखादं गाव असेल, म्हणून इथे मांडते.

आमच्या वाडीत ४२ घरं. गणपतीत सगळी उघडतात, एरवी ११. त्या अकरांत मिळून १९ माणसं, आणि साठीच्या आतली फक्त ६. हे काही आमच्याच वाडीचं दुखणं नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही घटला. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले होते. आजोबा गावातून परळला आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला आणि आम्ही परळहून उपनगरात फेकले गेलो. तिकडे कोकण रिकामं होत होतं, इकडे गिरणगाव, आणि दोन्हीकडून उठली ती माणसं एकच.

आता मुद्द्यावर येते. गावासाठी 'काहीतरी करू' म्हणून मंडळाने आजवर काय केलं? सभामंडप बांधला, कमान उभी केली, शाळेला पंखे दिले. ती शाळा दोन वर्षांत बंद पडली. पंखे अजून आहेत. कुणाला दोष देत नाही, मीही त्या ठरावांना हात वर केलेला आहे. पण यंदा आम्ही काहीजणांनी वेगळं काही करून पाहिलं.

कोकणात रतांबे (कोकमाची फळं) एप्रिल-मेमध्ये पिकतात. वाडीत रतांब्याची झाडं भरपूर आहेत, निम्मी बंद घरांच्या परड्यात. झाडावर चढायला माणूस नाही म्हणून फळ खाली पडून सडतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी गावात असतात. पोरांना सुट्टी, थोरांना रजा. गावाला माणसं नाहीत असं आपण म्हणतो, पण कामाच्या ऐन हंगामात गावात दीडशे माणसं असतात आणि ती ओटीवर पत्ते खेळत असतात!

यंदा आम्ही १४ जण बसलो. गावातल्या ५ बायका आणि मुंबईचे ९ जण. आगळ (रतांब्याचा खारवलेला रस) काढलं, ३४० बाटल्या झाल्या. आमसुलं वाळत घातली. मुंबईत आणून १८० रुपयांनी बाटली विकली, म्हणजे ६१,२०० रुपये आले. रतांबे, बाटल्या, मीठ, लेबलं, टेम्पो, गावातल्या बायकांची मजुरी असा खर्च ३८,७०० झाला. २२,५०० उरले.

पुढच्या वर्षी हे नीट, उद्योग म्हणून करायचं आहे. देणगी, सहल किंवा हौस म्हणून नाही. अनुभव असलेल्यांनी लिहावं.

---

फणसगर – ८ जून

अभिनंदन! मनापासून आवडलं. आमच्या लांज्याकडे हीच परिस्थिती. वाचत राहीन.

---

हिशेबनीस – ८ जून

ताई, उपक्रम चांगला आहे, पण हिशेबात एक मोठी गफलत आहे. मुंबईच्या ९ जणांची मजुरी कुठे धरली आहे? ती लोकं सरासरी किती दिवस बसली? त्यांच्या हाताला गावातल्या बाईइतकाच दर लावा आणि मग सांगा काय उरलं. पुढच्या वर्षी त्यातल्या चौघांना रजा मिळाली नाही तर ती मजुरी रोख द्यावी लागेल. जो धंदा कुणाच्या तरी फुकट श्रमावर उभा आहे तो दुसऱ्या वर्षी बसतो. हे मी बचत गटांच्या वह्या तपासताना वारंवार पाहिलं आहे.

---

सड्यावरची – ९ जून

हिशेबनीस, तुमचं खरं आहे. काल रात्री वही घेऊन बसले. ९ जण, सरासरी ६ दिवस, ४०० रुपये रोज. २१,६०० होतात. म्हणजे उरले ९०० रुपये.

वाईट वाटलं, पण बरं झालं आत्ताच कळलं.

आता जे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं टाळलं ते लिहिते. नफा आगळात नव्हताच, तो आमसुलांत होता. रतांब्याची सालं रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची. अशी सात पुटं दिली की आमसूल काळंभोर, मऊ आणि टिकाऊ होतं. आमचं चौथं पूट चाललं होतं. अंगणात ताडपत्रीवर सालं पसरली होती. आमची काकी दुपारी हात कोपरापर्यंत लालभडक करून बसली होती, आणि साल बोटांत दाबून "अजून ओली आहेत" असं दर तासाला सांगत होती. २० मे च्या सुमारास आभाळ भरलं ते उघडेचना. यंदा मान्सून मुंबईतच २६ मे ला पोचला. आमसुलं घरात आणली, ओटीवर, माजघरात, अगदी पलंगावर पसरली. पंखे लावले, तर वीज गेली. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. काकीने एकेक साल पुसून पाहिली आणि मग काही न बोलता सगळी टोपलीत भरून माडाच्या आळ्यात नेऊन ओतली.

त्या टोपलीत आमचा नफा होता.

---

कुडाळचो – ९ जून

ताई, तुमचा म्हणणा पटला. पण माकडांचा काय करतलात? आमच्या वाडीत माणसां कमी झाली आणि माकडां वाढली. केळी, भाजी, शेंगदाणे सगळा लावचा सोडला.

(बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो.) लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात, पण वस्ती विरळ झाली की पहिला परिणाम हाच होतो. घरं उघडी असताना दहा ठिकाणांहून हाकारे जायचे. आता एका घराने चार एकर राखायचे असतात. बेणणी (गवत-झुडपं काढणं) होत नाही म्हणून रान घरापर्यंत येतं, आणि वणवा लागला तर काजूची बाग एका दुपारी जाते. तेव्हा कुठलाही उद्योग काढा, राखणीचा खर्च धरा.

---

वाडीवरची_काकी – १० जून

मी ताईंच्या गावची नाही, शेजारच्या तालुक्यातली. गावातच राहते, पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. थोडं कडू लिहिते, राग मानू नये.

मुंबईवाले पंधरा दिवस येतात, बैठक घेतात, ठराव करतात, निघून जातात. मग अकरा महिने आम्ही. तुम्ही माणसं मोजलीत, आता पंचायतीचा पैसा कसा चालतो ते ऐका. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो. माणसं घटली की निधी घटतो. पण आमची नळाची पाइपलाइन काही छोटी होत नाही. चार वाड्या, मधे दोन पऱ्ये (ओढे), वर सडा (कातळाचं पठार). पाइप तेवढाच, पाखाडी (पायऱ्यांची वाट) तेवढीच, दिव्याचे खांब तेवढेच. खर्च लांबीवर आणि पैसा डोक्यावर, हे आमचं रोजचं गणित. घरपट्टी म्हणाल तर बंद घरांची वर्षानुवर्षं थकलेली. ग्रामसेवक दोन-तीन ग्रामपंचायतींत वाटलेला. एसटी सकाळी एक, ती चुकली की दवाखाना चुकला. शाळेत पट कमी म्हणून शाळा गेली, शाळा गेली म्हणून ज्यांची लहान मुलं होती ती दोन कुटुंबं तालुक्याला गेली. एकातून एक सुटतं.

त्यामुळे शाश्वत विकास वगैरे मोठा शब्द वापरण्याआधी माझं एक मागणं आहे. तुमचा उद्योग गावात एक तरी घर बारा महिने उघडं ठेवील का? एकच. पंधरा दिवसांच्या जत्रेतून ते होत नाही.

---

सड्यावरची – १० जून

काकी, राग कसला, उलट आभार. 'खर्च लांबीवर, पैसा डोक्यावर' हे मी मंडळाच्या बैठकीत तुमच्या नावाने (म्हणजे या नावाने) सांगणार आहे. थकलेल्या घरपट्टीचा मुद्दा तर थेट आम्हाला लागू आहे. मी आमच्या ग्रामपंचायतीत चौकशी केली. ३१ बंद घरांपैकी १४ घरांची पट्टी थकली आहे, त्यात माझ्या सख्ख्या चुलत्यांचं घर आहे.

---

धानोरा_रोड – ११ जून

मी मूळचा गडचिरोलीचा, नोकरीसाठी ठाण्यात. तुम्ही सिंधुदुर्ग विरळ म्हणता, तिथे २०११ ला चौरस किलोमीटरला १६३ माणसं होती. आमच्या जिल्ह्यात ७४.

आमच्याकडचं मेंढा (लेखा) सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण नेमकं काय झालं ते क्वचित सांगितलं जातं. जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. त्यासाठी गाव अडून बसलं आणि एप्रिल २०११ मध्ये तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यानंतर बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. गावाचं नेतृत्व केलेले देवाजी तोफा आणि गावकरी याला उद्योग म्हणत नसतील, पण मला तो उद्योगच वाटतो. माल गावाचा, भाव गावाने ठरवलेला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

त्याच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. आणि आधी अभ्यासगट, मग निर्णय. लहान गावात बहुमताने काम केलं तर हरलेली चार घरं कायमची बाजूला पडतात, आणि मुळात घरंच अकरा असतील तर चार घरं गमावणं परवडत नाही. मोठ्या गावात हे चालून जातं.

कोकणात सामूहिक जंगल फारसं नाही, बहुतेक जमीन खासगी आहे, हा मोठा फरक. तो लक्षात ठेवूनच हे वाचा.

---

फणसगर – ११ जून

खासगी म्हणजे किती खासगी? आमच्या सातबाऱ्यावर २३ नावं आहेत, त्यातली ६ हयात नाहीत. सामाईक जमिनीवर शेड बांधायची तर सगळ्यांच्या सह्या. बँकेचं कर्ज विसरा. कोकणातले निम्मे उद्योग सातबाऱ्यावर अडतात असं माझं स्पष्ट मत आहे.

---

हिशेबनीस – १२ जून

सातबाऱ्याला हात न लावता सुरुवात करता येते. जमीन नको, झाड नको, फक्त फळ घ्या. मालकाने साध्या कागदावर संमती द्यायची की माझ्या परड्यातले रतांबे गटाने काढावेत, बदल्यात इतका हिस्सा किंवा इतक्या बाटल्या. भाडेपट्टा नाही, कब्जा नाही, त्यामुळे भाऊबंद बिथरत नाहीत. मुदत एक हंगाम. दरवर्षी नवी सही.

संस्थेचं म्हणाल तर लगेच शेतकरी उत्पादक कंपनी काढायला धावू नका. कायद्याने १० उत्पादक पुरतात, पण २०२० च्या केंद्राच्या १०,००० कंपन्यांच्या योजनेत मदत हवी तर मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात, डोंगराळ आणि ईशान्येकडच्या भागात १००. तुमच्या अख्ख्या महसुली गावात ३०० माणसं आहेत का? सगळे नियम दाट वस्ती डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. बचत गटाला साधारण १० बायका लागतात, पण दुर्गम भागात ५ चाही गट चालतो, आणि तुमच्या पाच बायका आहेतच. गट करा. खाद्यपदार्थाची मूळ नोंदणी २०२५ च्या नियमांनुसार १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला १०० रुपयांत होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या प्रत्येक सभासदाला ४०,००० पर्यंत बीजभांडवल आणि यंत्राला ३५ टक्के अनुदान आहे. पण अनुदान मागून येतं, यंत्राचे पैसे आधी लागतात. मंडळाचा पैसा तिथे लावा. देणगी म्हणून नको, परतीच्या बोलीवर.

---

नितळ_पाणी – १२ जून

एक दूरचं उदाहरण देते, कारण ते आपल्या रतांब्याच्या फार जवळ आहे. जपानमध्ये शिकोकू बेटावर तोकुशिमा प्रांतात कामिकात्सु नावाचं डोंगराळ गाव आहे. वस्ती दीड हजारच्या आसपास, निम्म्याहून अधिक वृद्ध. पूर्वी तिथे संत्र्याच्या बागा होत्या, १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत त्या गेल्या. तिथल्या शेतकी सहकारी संस्थेत योकोइशी नावाचे सल्लागार होते. जपानी जेवणाच्या ताटात शोभेसाठी पानं-फुलं ठेवतात ती गोळा करून शहरातल्या उपाहारगृहांना विकायची, ही त्यांची कल्पना. १९८६ मध्ये चार शेतकऱ्यांनी सुरू केलं. आज तिथल्या ऐंशीच्या आजी सकाळी संगणकावर मागणी बघतात आणि पानं तोडायला जातात. याच गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प केला आणि आता चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात.

पानं विकण्याचं कौतुक पुष्कळ होतं. मला मोलाचं वाटतं ते हे की माल हलका आहे. म्हातारीला उचलता येतो. तिथे कुणी 'तरुण परत येतील, मग करू' म्हणून थांबलं नाही. जी माणसं उरली आहेत त्यांच्या ताकदीचं काम शोधलं. आपल्याकडे लगेच शेड, बॉयलर, क्विंटलच्या गोष्टी सुरू होतात. सत्तरीची बाई क्विंटल उचलत नाही.

---

कुडाळचो – १३ जून

हे काजूला तंतोतंत लागू. चार किलो बी फोडली तर साधारण एक किलो गर निघतो. बी विकणारा शेतकरी आणि गर विकणारा व्यापारी यांच्यातला फरक तिथेच. आमच्या भागात गावोगाव छोटे कारखाने निघाले, काही उत्तम चालतात. पण जे कर्ज काढून मोठे केले त्यांतले कित्येक बी पुरत नाही म्हणून बंद आहेत. गावाची झेप किती, त्यावर यंत्राचा आकार. बोंडू (काजूचं फळ) तर अजून बहुतेक झाडाखालीच कुजतो.

नितळताईंशी सहमत, फक्त राखणीचं काम म्हाताऱ्यांकडून होत नाही, ते तरुणांचंच.

---

सड्यावरची – ३० जून

उशीर झाला, क्षमस्व. काल मंडळाची बैठक झाली. परळला गावाची जुनी खोली अजून आहे, तिथेच. एके काळी पाळीप्रमाणे तीस माणसं त्या खोलीत झोपायची, भिंतीला अजून ट्रंका ठेवायच्या फळ्या आहेत. काल २६ जण आले.

मंडळाच्या ठेवीतून ६०,००० रुपये मागितले. वाळवणी यंत्रासाठी, उन्हावर चालणारं आणि पावसात विजेवरही चालवता येईल असं. विरोध झाला. सभामंडपाच्या लाद्या राहिल्यात, देवाचं काम आधी, असं दोन ज्येष्ठ म्हणाले. मी वाद घातला नाही. धानोरा_रोड यांचं वाक्य डोक्यात होतं, चार घरं गमावणं परवडत नाही. मतदान न घेता दोन तास बोलत बसलो. शेवटी त्यांच्यातलेच एक काका म्हणाले की यंत्र घ्या, पण पैसे तीन हंगामांत ठेवीत परत आले पाहिजेत, आणि परतीचा पहिला हप्ता लाद्यांना. सगळ्यांनी मान्य केलं.

हिशेबही बदलला. मुंबईच्या हातांना पुढच्या वर्षी रोज ४०० लागणार. घ्यायचे नसतील त्याने ते आपल्या थकलेल्या घरपट्टीत भरायचे. बाटली २२० रुपये. कमी विकल्या गेल्या तरी चालतील.

वाडीवरच्या काकींच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर आहे. गटातल्या पाचजणींपैकी एक, वय ३८, यंदा मुलाच्या शाळेसाठी तालुक्याला जायच्या विचारात होती. यंत्र तिच्या घरी ठेवायचं, मेमध्ये आमसुलं, नंतर फणसाचे गरे, सुकी मासळी मात्र नाही (वास बसतो). वर्षभर महिना ठराविक रक्कम गटाने द्यायची. ती म्हणाली, वर्षभर बघते, मग ठरवते. यापुढे मी तिला काही म्हणू शकत नाही.

---

वाडीवरची_काकी – १ जुलै

वर्षभर बघते म्हणाली हे पुष्कळ झालं. तिच्या मुलाच्या शाळेच्या गाडीचं बघा. राहील की जाईल ते तिथे ठरेल, यंत्रावर नाही. आमच्याकडे तीन वाड्यांनी मिळून रिक्षा लावली आहे, पालक निम्मे देतात, निम्मे मुंबईचं मंडळ.

---

सड्यावरची – १ जुलै

हे लक्षातच आलं नव्हतं. तिला आजच फोन करते.

---

हिशेबनीस – ६ जुलै

संमतीपत्रांचं काय झालं?

---

सड्यावरची – ६ जुलै

३१ बंद घरांपैकी १७ सह्या झाल्या. विरार, बदलापूर, डोंबिवली, दोन नालासोपारा. प्रत्येक ठिकाणी जाऊन बसले, चहा घेतला. कागदावर सही करताना बहुतेकांनी एकच विचारलं, झाड अजून आहे का? एका आजोबांनी सही केली आणि मग कागदामागे पेन्सिलीने आपल्या परड्याचा नकाशा काढून दिला. विहीर, गोठा, गोठ्यामागे दोन रतांबे, त्यातला डावीकडचा आंबट. चाळीस वर्षांत ते तिकडे गेलेले नाहीत.

चुलत्यांनी सही केली नाही. घरपट्टीही भरली नाही. पुढच्या रविवारी परत जाणार आहे.

---

फणसगर – ७ जुलै

तो डावीकडचा आंबट रतांबा आगळाला घ्या, आमसुलांना उजवीकडचा. आणि गोठा पडला असेल तर झाड शोधायला विहिरीपासून मोजा, विहीर हलत नाही.